बोली, चाल आणि परका श्रोता : तरुणांच्या समाजमाध्यमांसंबंधी काही विचार

समाजमाध्यमांच्या यशापयशाची चर्चा बहुधा यंत्रविद्येच्या किंवा व्यापाराच्या अंगाने होते. एक ॲप चालते, त्याच्यासारखेच दुसरे बंद पडते, आणि त्याचे कारण भांडवलात, जाहिरातीत किंवा तरुणांच्या चंचलतेत शोधले जाते. ही कारणे खोटी नव्हेत. अपुरी मात्र आहेत. ॲप हे प्रथमतः बोलण्याचे स्थळ आहे. तेथे कोणी, कोणत्या भाषेत आणि कोणासमोर बोलावयाचे ह्याचे अलिखित नियम असतात, आणि ज्या नियमांत तरुणांची जीभ मोकळी होते ते स्थळ ते जवळ करतात.

हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातील कुरुंदा हे गाव ह्या दृष्टीने विचारात घेण्यासारखे आहे. हळदीच्या पट्ट्यातले हे गाव परभणी-नांदेडकडील बोलीच्या टापूत मोडते. ‘मी जात आहे’ ह्या अर्थी ह्या टापूत ‘मी जायलो’ असे म्हणतात, ‘काय करायलास?’ ह्या प्रश्नात, रूप पाहून परक्यास वाटेल तशी, भूतकाळाची छटा मुळीच नसते. अशा गावातील तरुणाकडे फेसबुकाने काय मागितले? ओळखीच्या माणसांचे वर्तुळ आणि लिहिलेला मजकूर. लिहावयाचे म्हटले की शाळेतील मराठी समोर उभी राहते. ‘जायलो’ लिहावे की ‘जातोय’, ह्या पेचातून सुटण्यासाठी रोमन लिपीत त्रोटक काहीतरी टंकून मोकळे होणे सोपे पडते. शिवाय ओळखीचे वर्तुळ म्हणजे भावकी, मामा आणि गुरुजी. पारावर वडीलधारी मंडळी येऊन बसली की पोरे तेथून उठतात. फेसबुकावर निराळे काही घडले नाही.

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली, इंटरनेट स्वस्त झाले, आणि चलच्चित्रे खेड्यापर्यंत पोहोचली. ऑगस्ट २०१८ मध्ये म्युझिकली हे ॲप टिकटॉकमध्ये विलीन झाले. त्याने लेखनाची अट जवळजवळ काढूनच टाकली, आणि तिच्या जागी तयार ध्वनी दिला. ह्या ध्वनीस मराठीतील ‘चाल’ हा शब्द चपखल बसतो. भजनी मंडळात, भारुडात, तमाशात परिचित चालीवर नवे शब्द बसविण्याची रीत जुनी आहे. श्रोत्यास चाल अगोदरच ठाऊक असते. ह्या गड्याने तिचे काय केले, एवढेच त्यास पाहावयाचे असते. टिकटॉकवर एकाच संवादावर हजारो तरुणांनी ओठ हलविले, ते ह्याच न्यायाने. ‘काय बोलावे’ ही नवशिक्याची मुख्य अडचण चालीने दूर केली. सहा सेकंदांच्या चलच्चित्रांचे व्हाइन हे ॲप २०१३ मध्ये निघाले आणि २०१७ च्या आरंभी मिटले. त्याच्या अस्तास व्यावसायिक कारणे होतीच. तथापि तयार चालीचा पुरवठा हे त्याचे मुख्य अंग नव्हते, आणि दरवेळी नवी कल्पना शोधणे थोड्यांनाच साधते.

टिकटॉकचा दुसरा विशेष अधिक महत्त्वाचा. कोणते चलच्चित्र कोणासमोर जावे हे तेथे ओळखीवरून फारसे ठरत नसे. पाहणारा किती वेळ थांबला, ह्यावरून ठरे. त्यामुळे ज्याचा एकही अनुयायी नाही असाही मुलगा अनोळखी माणसांसमोर उभा राहू शके. ज्याची जात, घर आणि बापाची शेती गावास तोंडपाठ आहे, त्याला परका श्रोता ही केवढी मोकळीक! मुलींच्या बाबतीत हे अर्धेच खरे आहे. परक्यांबरोबर गावही पाहत असते, आणि गाव विसरत नाही.

२९ जून २०२० रोजी भारत सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपांवर बंदी घातली. एका परीने हा अनायासे घडलेला प्रयोगच होता. चिंगारी आणि मित्रों ही देशी ॲपे हजर होती, शेअरचॅटच्या चालकांनी मोज काढले. बोली आणि चाल ह्या सर्वांत होती. तरीही तरुणांचा मोठा ओघ वळला तो जुलै २०२० मध्ये भारतात सुरू झालेल्या इंस्टाग्रामच्या रील्सकडे. केवळ बोलीस वाव देणे हे यशाचे पुरेसे कारण असते, तर असे घडले नसते. इंस्टाग्रामवर पुण्या-मुंबईचे महाविद्यालयीन तरुण अगोदरपासून वावरत होते. भारतीय भाषांसाठी वेगळी बांधलेली जागा कितीही प्रशस्त असली, तरी ती आतल्यांसाठीच राखलेली वाटते. वसमतकडील तरुणाला बोली आपली हवी असते. ऐकणारा मात्र आपल्यातलाच असून चालत नाही.

ह्यावरून बोलीची प्रतिष्ठा वाढली, असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. ‘जायलो’ हे रूप रीलमध्ये मुख्यतः विनोदाच्या प्रसंगी ऐकू येते. स्पर्धा परीक्षेची माहिती सांगावयाची झाली की बोलणारा प्रमाण मराठीकडे झुकतो. मराठी नाटकाने ग्रामीण पात्रास दीर्घकाळ जे काम नेमून दिले, तेच येथे बोलीच्या वाट्यास आले आहे. फरक इतकाच की हे काम आता बोलणारा स्वतः पत्करतो, आणि हशा कोठे येतो हे ओळखून ते रूप घरच्यापेक्षा अधिक ठासून उच्चारतो. बोलीच्या अभ्यासकाने रीलमधील नमुना जमेस धरण्यापूर्वी तोच तरुण रानात आईशी काय बोलतो, हे ऐकणे म्हणूनच आवश्यक ठरते.