खाऱ्या पाण्याची गाळणी

गोड्या पाण्यातले मासे पाळणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. खाऱ्या पाण्यातले रंगीत मासे मात्र बहुतेकांनी पाहिलेले असतात ते सहलीत. मुंबईला मरीन ड्राइव्हवर १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाच्या काचांना नाक लावून कित्येक पिढ्या उभ्या राहिल्या. तसले मासे घरात ठेवता येतात हे सांगितले की पहिला प्रश्न येतो तो समुद्राच्या पाण्याचा. त्याचे उत्तर सोपे आहे. शुद्ध पाण्यात तयार मिळणारे सागरी मीठ लिटरला सुमारे पस्तीस ग्रॅम या प्रमाणात विरघळवले की काम भागते. अवघड आहे ते पाणी बनवणे नव्हे, टिकवणे. आणि पेटी जितकी लहान तितके ते अधिक अवघड. समुद्रात एक शंख मेला तर कोणाला कळतही नाही. पन्नास लिटरांत तोच शंख दोन दिवसांत सर्वांच्या जिवावर उठतो.

माझ्याकडची काचपेटी दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच आहे. दगड-वाळू वजा जाता तिच्यात पन्नास-पंचावन्न लिटर पाणी राहते. आत विदूषक माशांची एक जोडी, एक कोळंबी, चार-पाच शंख आणि नळीत राहून पिसांचा पंखा उघडणारा एक किडा, इतकाच संसार. पाषाणप्रवाळ मुळीच नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली त्यांचा समावेश झाला, म्हणून दगडसुद्धा प्रवाळाचे नव्हेत, भाजलेल्या मातीचे सच्छिद्र आहेत. मासे हॅचरीत जन्मलेले आहेत. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विदूषक माशांच्या पैदाशीचे तंत्र बसवलेले असल्यामुळे त्यासाठी समुद्र उपसावा लागत नाही.

या पेटीत पाण्यातील नायट्रेटचे प्रमाण लिटरला साठ मिलिग्रॅमवर जाऊन बसले होते. प्रवाळखडकांवरच्या मोकळ्या समुद्रात ते एका मिलिग्रॅमच्याही खाली असते. मासे साठातही तग धरतात. बिनकण्याच्या प्राण्यांना ते सोसत नाही. किड्याने पंखा उघडणे सोडले, आणि आधीची कोळंबी कात टाकताना दगावली. पेटी मोडून गोड्या पाण्याची करावी असा घरात सूर निघाला. पण सात वर्षे एकत्र राहिलेली माशांची जोडी द्यायची कोणाला? पाळीव मासे समुद्रात सोडणे हे काही पुण्यकर्म नव्हे; त्यांच्याबरोबर रोगही जातात. तेव्हा उरला एकच मार्ग, गाळणी बदलणे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. गाळणी म्हटले की आपल्याला चहाची आठवते: चोथा वर, पाणी खाली. पेटीतला खरा मळ डोळ्यांना दिसत नाही. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो, उरलेले अन्न कुजून अमोनिया होतो, आणि हा अमोनिया जहाल विष आहे. एका जातीचे जिवाणू त्याचा नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचा नायट्रेट करतात. ही दुपायरी वाट सर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास उलगडून दाखवली. दोन्ही जिवाणूंना प्राणवायू लागतो आणि बसायला जागा लागते. स्पंज, मातीची कडी, प्लास्टिकचे गोळे ही त्या जागेची सोय. ते आपले काम चोख करतात, पण त्यांचे काम नायट्रेटपाशी संपते. पुढची पायरी म्हणजे नायट्रेटचा नत्रवायू करून हवेत सोडणे. ते काम प्राणवायू नसलेल्या जागीच होते, दगडाच्या खोल छिद्रांत किंवा वाळूच्या तळाशी. भरपूर वाहत्या पाण्यातल्या स्पंजात ते व्हायचे कसे? म्हणून स्पंज जितका कार्यक्षम, तितका नायट्रेट हमखास.

मग पाणी बदलत राहावे, असे कोणी म्हणेल. मी दर आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलत होतो. आता थोडे गणित. आठवड्याला नायट्रेट सहा मिलिग्रॅमने वाढतो आणि आपण शेकडा दहा काढून टाकतो. साठावर पोचल्यावर दहावा हिस्सा म्हणजे सहाच. जितका वाढला तितका गेला, आणि आकडा तिथेच ठाण मांडतो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हा समतोल ओळखीचा वाटेल. आकडा पंधरावर आणायचा तर दर आठवड्याला चाळीस टक्के पाणी बदलायचे, किंवा वाढच दीडावर आणायची. पहिला उपाय मिठाच्या किमतीत बसेना, आणि एवढ्या उलथापालथीने प्राण्यांचेही हाल. दुसरा धरला.

पेटीच्या मागच्या बाजूला काचेच्या पडद्यांनी पाडलेले तीन कप्पे आहेत. पहिल्यात जाड स्पंज होता, दुसऱ्यात मातीची कडी, तिसऱ्यात ताशी सहाशे लिटर पाणी फेकणारा पंप. स्पंज काढून तिथे उशीत भरतात तसल्या पॉलिएस्टर कापसाचा पातळ थर ठेवला. तो दर तिसऱ्या दिवशी फेकायचा. त्यात अडकलेले अन्न कुजायच्या आतच पेटीबाहेर गेले की त्याचा अमोनिया होण्याचा प्रश्नच राहत नाही. कडी मात्र एकदम काढली नाहीत. त्यांच्यावर जिवाणूंची वस्ती असते. ती एका दिवसात उठवली तर अमोनिया उसळतो. आठवड्याला चौथा हिस्सा काढायचा, दोन दिवसांनी अमोनिया तपासायचा, शून्य आला तरच पुढे जायचे. या बेताने महिना गेला. तोवर दगडांवरच्या जिवाणूंनी काम अंगावर घेतले.

रिकाम्या झालेल्या दुसऱ्या कप्प्यात कीटोमॉर्फा हे शैवाल घातले. दिसायला अगदी मासेमारीच्या हिरव्या दोऱ्याचा गुंता. कप्प्याच्या मागच्या काचेला बाहेरून एक छोटा दिवा लावला, तोही रात्री. दिवसा पेटीचा दिवा, रात्री शैवालाचा. अंधारात सगळे प्राणी कर्बवायू सोडतात आणि पाणी आम्लतेकडे झुकते. रात्री जागणारे शैवाल तो वायू शोषून घेते, म्हणून ही पाळी उलटी. शैवाल नायट्रेट खाऊन वाढते, आणि पंधरा दिवसांनी त्यातले मूठभर उपटून कुंडीत टाकायचे (आधी गोड्या पाण्यात धुऊन, नाहीतर झाड मिठाने मरते). नत्र असा अक्षरशः मुठीत धरून बाहेर काढता येतो. पाण्यात विरघळलेला पदार्थ हातात घेण्याचे हे सुख मला तरी फार आवडते.

पहिल्या कप्प्यातच, कापसाच्या शेजारी, फेस काढणारी एक नळी बसवली. हवेच्या पंपाला लाकडी खडा जोडला की त्यातून अतिबारीक बुडबुडे निघतात. खाऱ्या पाण्यात ते एकमेकांत मिसळून मोठे होत नाहीत, बारीकच राहतात. प्रथिनांसारखे पदार्थ बुडबुड्याच्या पृष्ठभागाला चिकटतात आणि फेसाबरोबर वरच्या पेल्यात चढतात. गुऱ्हाळात उकळत्या रसात भेंडीचे पाणी घालून वर आलेली मळी झाऱ्याने काढतात, त्याच जातीचे हे काम. पेल्यात जमणारे तपकिरी पाणी इतके घाण येते की ते आधी पेटीत होते यावर विश्वास बसत नाही.

बाहेर ठेवायची मोठी बंद डब्याची गाळणी घ्या, असाही सल्ला एका दुकानात मिळाला होता. शहरात ती ठीक असेल. आमच्याकडे पावसाळ्यात वीज सहा-सहा तास जाते. बंद डब्यात पाणी थांबले की आतले जिवाणू उरलेला प्राणवायू संपवून मरू लागतात, आणि वीज आल्यावर ते कुजके पाणी थेट पेटीत येते. उघड्या कप्प्यांत हा धोका पुष्कळ कमी. शिवाय हवेचा पंप बॅटरीवर चालतो, त्यामुळे वीज गेली तरी बुडबुडे सुरू राहतात.

आकडा लगेच उतरत नाही, हेही त्याच गणितातून निघते. वाढ दीडावर आली तरी जुना साठा आठवड्याला दहावा हिस्साच कमी होतो. अडीच महिन्यांनी तीसच्या आसपास, पाच महिन्यांनी विसाच्या. या मधल्या काळात माणूस कंटाळून आणखी काही औषध ओततो आणि घोटाळा होतो. चौथ्या महिन्यात किड्याने पंखा उघडला, तोही अर्धाच. नवी कोळंबी सहाव्या महिन्यात आणली. तिने दोनदा कात टाकली आहे. काचेसारखी पारदर्शक रिकामी कात सकाळी वाळूवर पडलेली असते आणि विदूषक मासे ती ओढत नेतात. फॉस्फेटचा हिशेब अजून जुळलेला नाही. त्यासाठी गोठवलेले खाद्य आधी धुऊन घालायला सुरुवात केली आहे.