धुरकट आभाळ, अडखळता पाऊस

१९९९च्या 'इंडोएक्स' या संशोधन मोहिमेत हवामानशास्त्रज्ञ वीरभद्रन रामनाथन आणि सहकाऱ्यांना उत्तर हिंदी महासागरावर सुमारे ३ किलोमीटर जाडीचा तपकिरी थर आढळला. चुली, वाहने, कोळसा यांतून उठलेली काजळी आणि सल्फेट!

मोसमी वारे जमीन आणि समुद्राच्या तापमानातील फरकावर चालतात. काजळी-सल्फेटचे हे कण ऊन अडवतात, जमीन कमी तापते, वारे मंदावतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मध्य-उत्तर भारतातला मोसमी पाऊस घटला. २०११च्या एका अभ्यासाने त्याचे खापर मुख्यतः मानवनिर्मित कणांवर फोडले. कोरडवाहू शेतीसाठी ही साधी बाब नव्हे.

ढगातही कण वाढले की तेच पाणी असंख्य बारीक थेंबांत विभागते आणि बरसणे लांबते. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने २००९पासून 'कायपीक्स' प्रयोगात विमानाने ढगांत शिरून हे थेंब मोजले.