वाऱ्याचा भार

शर्यतीच्या मोटारीचा वेग इंजिनाच्या ताकदीवर ठरतो हा समज सरळ रस्त्यापुरताच खरा आहे. वळणावर तो टायरांच्या पकडीवर ठरतो आणि ही पकड टायरांवरच्या भाराबरोबर वाढते. त्यासाठी गाडीच जड केली, तर वळणावर तिला बाहेर नेऊ पाहणारी जडत्वाची ओढही वाढते आणि हाती काही लागत नाही. वस्तुमान तेवढेच ठेवून हवेनेच गाडी खाली दाबली, तर पकड वाढूनही ओढ वाढत नाही. या दाबाला डाउनफोर्स म्हणतात. तो विमानाच्या पंखाची उलटी मांडणी करून, तसेच गाडीच्या तळाखालून वेगाने हवा काढून तिथला दाब घटवून मिळवला जातो आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताशी 80 किलोमीटरला जेवढा, त्याच्या चौपट 160ला. नागपूरहून मौद्यावरून भंडाऱ्याकडे धावणाऱ्या साध्या मोटारींवर बहुधा किंचित वर उचलणारे बल असते, पण त्या वेगात ते कोणाला जाणवत नाही.

फॉर्म्युला वनमध्ये असे पंख 1968 साली आले. पुढच्याच वर्षी बार्सिलोनाला उंच खांबांवरचे पंख मोडून लोटसच्या दोन्ही गाड्यांना अपघात झाले आणि त्यांवर निर्बंध आले. 1978 मध्ये लोटस 79ने तळाखालच्या हवेचा उपयोग करून मारिओ आंद्रेत्तीला विश्वविजेता केले.

हा भार फुकट मात्र मिळत नाही. पंख जितका कलता, तितका हवेचा रोध अधिक आणि सरळ पट्ट्यावरचा वेग कमी. विदर्भातल्या शंकरपटासारखी शर्यत सरळच धावायची असती, तर पंख निव्वळ अडगळ ठरला असता. शिवाय भार पुढच्या आणि मागच्या चाकांत नीट वाटला गेला नाही, तर पुढे कमी पडल्यास गाडी वळायला कुरकुरते आणि मागे कमी पडल्यास शेपूट बाहेर फेकते. हा दोष वेगाबरोबर वाढत असल्याने संथ वळणात शहाणी वाटणारी गाडी वेगवान वळणात अविश्वसनीय होते.

म्हणूनच किती भार सोडायचा, हा निर्णय किती मिळवायचा याहून अवघड म्हटला पाहिजे. मुंबईचे जेहान दारूवाला 6 डिसेंबर 2020 रोजी बहरीनच्या सखीर येथे फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारे पहिले भारतीय ठरले, ती शर्यत तिथल्या 3.543 किलोमीटरच्या बाहेरच्या, बऱ्याचशा सरळ मार्गावर झाली. 2021 आणि 2022 मध्ये त्यांनी मॉन्झालाही विजय मिळवले आणि मॉन्झा तर कमीत कमी पंख लावण्याचे प्रसिद्ध ठिकाण. या मालिकेत सर्वांचा सांगाडा दलाराचा, इंजिनही एकच. त्यामुळे पंखाचा कोन आणि सस्पेन्शन यांच्या जुळणीला फार महत्त्व येते. एवढ्यावरून विजयाचे श्रेय पंखाला देणे उतावळेपणाचे होईल, कारण पंख कमी केल्यावर ब्रेकला अंतर जास्त लागते, टायर घसरून लवकर झिजतात आणि ते सांभाळणे चालकाच्याच हाती असते.

त्यातही दुसऱ्या गाडीच्या मागे धावताना सरळ पट्ट्यावर रोध घटून फायदा होतो, तर वळणात पुढच्या गाडीने ढवळलेल्या हवेत पुढचा पंख दुबळा पडतो. ही अडचण कमी व्हावी म्हणून फॉर्म्युला वनने 2022 मध्ये तळाखालच्या हवेला पुन्हा वाव दिला, आणि त्या वर्षी मर्सिडीजसह अनेक संघांच्या गाड्या सरळ पट्ट्यावर उसळू लागल्या.