आठव्या मात्रेवरचा ठोका

दुचाकीची गोष्ट : भाग 9

मागच्या भागात आपण बुलेटच्या एकट्या सिलिंडरचा ठोका ऐकला. क्रँक दोनदा फिरतो तेव्हा सिलिंडरात एकदा स्फोट होतो, एवढं त्यातलं लक्षात असलं तरी आजचं काम भागेल. आज सिलिंडर दोन आहेत.

तर्जनी आणि मधलं बोट फाकवून विजयाची खूण करा. बोटं हे दोन सिलिंडर, मनगट हा क्रँक. दोन्ही पिस्टनचे कनेक्टिंग रॉड खाली क्रँकच्या एकाच पिनवर अडकवलेले. झालं व्ही-ट्विन. मिलवॉकीच्या हार्ले-डेव्हिडसनने आपलं पहिलं व्ही-ट्विन 1909 मध्ये आणलं, तेव्हा आवाजाचा विचार कुणाच्या डोक्यात नव्हता. त्या काळची मोटरसायकल म्हणजे इंजिन बसवलेली सायकलच. फ्रेमच्या त्रिकोणात जागा थोडी, ताकद मात्र जास्त हवी. म्हणून दुसरा सिलिंडर पहिल्याशी 45 अंशांचा कोन करून बसवला आणि पिन एकच ठेवली. जागा वाचली, खर्च वाचला, ताल तेवढा बिघडला.

कसा, ते मोजू. क्रँकचे दोन फेरे म्हणजे 720 अंश. त्याचे 45 अंशांचे तुकडे पाडले की बरोबर 16 होतात, म्हणजे सोळा मात्रांच्या तीनतालाचं एक आवर्तन. पहिला स्फोट समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेला. जुन्या ब्रिटिश गाड्यांत दोन सिलिंडर शेजारी उभे असत आणि पिस्टन जोडीने वर-खाली होत. तिथे दुसरा स्फोट नेमका निम्म्यावर, नवव्या मात्रेला, 'खाली'वर पडे. हार्लेत तो 315 अंशांनी होतो, म्हणजे आठव्या मात्रेला. एक मात्रा आधीच! मग पुढची सम यायला नऊ मात्रा लागतात. सात-नऊ, सात-नऊ. टेबलावर बोटाने वाजवून बघा. अमेरिकन माणसाला या लंगडत्या ठेक्यात 'पोटॅटो-पोटॅटो' ऐकू येतं.

जागेच्या तडजोडीतून आलेला हा दोष पुढे कंपनीचा ऐवज झाला. 1994 मध्ये हार्लेने चक्क या आवाजाचाच ट्रेडमार्क मागितला. प्रतिस्पर्ध्यांनी हरकती घेतल्या आणि 2000 मध्ये कंपनीने अर्ज सोडून दिला. होंडाची गंमत तर आणखी पुढची. शॅडो गाड्यांत त्यांनी क्रँकच्या पिना वेगळ्या करून थरथर कमी केली होती. 1995 च्या शॅडो एसीईमध्ये पुन्हा एकच पिन आणली. थरथर वाढली तरी चालेल, आवाज हार्लेसारखा हवा!

मग आज याच इंजिनाची काळजी का वाटते?

पहिलं कारण उष्णता. हवेवर थंड होणाऱ्या व्ही-ट्विनमध्ये पुढच्या सिलिंडरला वारा मिळतो, मागचा त्याच्या आडोशाला तापत राहतो आणि त्याची झळ थेट स्वाराच्या मांडीला लागते. हार्लेच्या काही मॉडेलांत गाडी उभी असताना इंजिन फार तापलं, की मागचा सिलिंडर आपोआप बंद होतो. म्हणजे सिग्नलला वीस-पंचवीस लाखांची गाडी बुलेटसारखी एका सिलिंडरवर उभी! हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाचं तापमान वाऱ्यावर अवलंबून, त्यामुळे आतलं ज्वलन काटेकोर राखणं अवघड. धुराचे नियम कडक झाले तसा हा ढिलेपणा परवडेनासा झाला. युरो 5 आल्यावर हार्लेची जुनी एअर-कूल्ड स्पोर्टस्टर 2020 नंतर युरोपातून गेली.

दुसरं कारण माणसं. अमेरिकेतल्या मोटरसायकल मालकाचं मध्यक वय 1990 मध्ये 32 होतं, 2018 मध्ये ते 50 झालं. पावणेचारशे किलोची गाडी स्टँडवरून उचलताना पन्नाशीतली कंबर काय म्हणते, ते सांगायला नको. तरुणांना किंमत झेपत नाही. 2006 मध्ये हार्लेने जगभरात सुमारे 3 लाख 49 हजार गाड्या धाडल्या होत्या. 2024 मध्ये दीड लाखाच्या आसपास. त्याच सुमारास रॉयल एनफील्डने एका आर्थिक वर्षात दहा लाखांचा टप्पा ओलांडला. अमेरिकेतल्याच पोलारिस कंपनीने आपला व्हिक्टरी हा व्ही-ट्विनचा ब्रँड 2017 मध्ये बंद केला आणि 2025 मध्ये इंडियन मोटरसायकलमधला मोठा हिस्सा विकायचं जाहीर केलं.

पण हार्लेसारखी आरामात बसायची गाडी, म्हणजे क्रूझर, व्ही-ट्विनच असली पाहिजे असं कुठे आहे? आपल्याकडे पाय पुढे टाकून, पाठ टेकून बसायची हौस हजारोंनी आकुर्डीच्या बजाजच्या ॲव्हेंजरवर भागवली. तिला सिलिंडर एकच. हार्लेनेही भारतातला स्वतःचा कारभार 2020 मध्ये आवरला आणि हीरोबरोबर 2023 मध्ये एक्स440 आणली. तीही एका सिलिंडरची.

खरी मेख मात्र तालात आहे. शेजारी उभ्या दोन सिलिंडरांच्या क्रँक पिना 270 अंशांनी फिरवून बसवल्या, की दुसरा ठोका सातव्या मात्रेला पडतो. 90 अंशांच्या व्ही-ट्विनमध्येही तो तिथेच पडतो. म्हणजे शेजारी-सिलिंडरांचं इंजिन आटोपशीर, स्वस्त, आणि चाल तीच व्ही-ट्विनची लंगडी. होंडाची रेबेल 1100 आणि रॉयल एनफील्डची सुपर मीटिऑर 650 या क्रूझर अशाच चालतात. आणि हार्ले? 2021 पासूनचं तिचं पाण्याने थंड होणारं रिव्होल्यूशन मॅक्स इंजिन 60 अंशांचं, पिना 30 अंशांनी वेगळ्या. हिशेब करा : ठोका सातव्या मात्रेला. ज्या आवाजासाठी कंपनी सहा वर्षं भांडली, तो तिच्याच नव्या इंजिनात नाही.

म्हणून क्रूझरला मरण नाही, असं मला वाटतं. ठेकाही राहील, कारण तो आता कुठल्याही आकारात बसवता येतो. धोक्यात आहे ती फक्त आठवी मात्रा. मिलवॉकी-एट हे 45 अंशांचं मोठं इंजिन ती अजून वाजवतं आहे, पण ऐकायला पैसे मोजणारे कमी होत आहेत. पुढच्या वेळी सिग्नलला अशी गाडी शेजारी थांबली तर काच खाली करा आणि मात्रा मोजा. मागचा सिलिंडर चालू असला, तर.

पुढच्या आठवड्यात विजेवरची मोटरसायकल. तिच्या मोटरीला ताल नाही, नुसता सूर आहे.