साडेआठचा पाऊस

बालाघाट जिल्ह्यात पावसाचं महत्त्व कुणाला पटवून द्यावं लागत नाही. इथली शेती धानाची. परहे टाकले की नजर आभाळाकडे, बांधीत पाणी साचलं की रोवणी, आणि झडी लागली की वैनगंगेची धास्ती. तरीही ‘काल किती पडला?’ असं विचारा, उत्तर येतं, ‘बांधी भरली’ किंवा ‘बरा झाला’. हेच उत्तर तिसरी-चौथीतल्या मुलाला मिलिमीटरमध्ये देता यावं, यासाठी लागणारं यंत्र मात्र अगदी साधं आहे. ते म्हणजे पर्जन्यमापक.

पाऊस मोजायची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. कोठारात एक अरत्नी, म्हणजे साधारण हातभर, तोंडाचं कुंड ठेवून पाऊस मोजावा, असं कौटिल्याचं अर्थशास्त्र सांगतं. त्यात द्रोण या तेव्हाच्या मापात अश्मक प्रदेशासाठी साडेतेरा आणि अवंतीसाठी तेवीस द्रोण पाऊस दिला आहे. त्याच माहितीवरून कुठे काय पेरायचं ते ठरे.

भारतीय हवामान विभाग 1875 साली स्थापन झाला. त्याच्या साध्या पर्जन्यमापकात वर नरसाळं, खाली बाटली आणि सोबत खुणा केलेलं मोजपात्र असतं. नरसाळ्याचा काठ जमिनीपासून 30 सेंटिमीटर उंच. तोंडाचं क्षेत्रफळ 200 चौरस सेंटिमीटर असेल, तर 1 मिलिमीटर पावसाला बाटलीत 20 मिलिलिटर पाणी जमतं. तेच पाणी अरुंद मोजपात्रात ओतलं की उंच चढतं, म्हणून मिलिमीटरचा अंशसुद्धा वाचता येतो.

शाळेत एवढंही लागत नाही. सरळ अंगाची प्लास्टिकची बाटली घ्यायची, वरचा निमुळता भाग कापून तोच उलटा बसवायचा, बाहेरून पट्टी चिकटवायची. तळ ओबडधोबड असतो, म्हणून आत खडे टाकून पट्टीच्या शून्यापर्यंत पाणी भरून ठेवायचं. अंग आणि तोंड सारख्याच रुंदीचं असल्यामुळे गणित करावं लागत नाही. पाणी शून्याच्या वर जितकं चढलं तितका पाऊस. बाटली ठेवायची मोकळ्या मैदानात. मुलं ती हटकून वळचणीला किंवा झाडाखाली ठेवतात. झाड जितकं उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर बाटली हवी, हे पहिल्याच आठवड्यात शिकवावं लागतं. पहिली-दुसरीच्या मुलांनी ढग, ऊन, पाऊस यांची चित्रं काढावीत आणि काठीला बांधलेल्या फितीवरून वाऱ्याची दिशा सांगावी, तेवढं पुरे.

खरी शिस्त वहीत आहे. देशभर पावसाची नोंद सकाळी साडेआठला होते आणि आधीच्या 24 तासांचा पाऊस त्या दिवसाच्या तारखेखाली लिहिला जातो. म्हणजे मंगळवारी दुपारी कोसळलेला पाऊस वहीत बुधवारी येतो. मुलं यावर वाद घालतात, आणि घालूच द्यावा. सगळ्यांनी एकच वेळ पाळली नाही, तर जिल्ह्यातल्याच बैहर आणि वारासिवनीचे आकडे शेजारी ठेवून तुलना करता येत नाही, हे त्या वादातूनच कळतं.

दुसरा धडा शून्याचा. पाऊस पडला नाही म्हणून रकाना रिकामा सोडायचा नाही. तिथे 0 लिहायचं. रिकाम्या रकान्याचा अर्थ कुणी पाहिलंच नाही, शून्याचा अर्थ पाहिलं आणि पाऊस नव्हता. रविवारी कुणी गेलं नाही तर सोमवारी अंदाजाने आकडे वाटून टाकायचे नाहीत; दोन दिवसांचा एकत्र आकडा लिहून तसं नमूद करायचं. हवामानाच्या धड्यात मुलांना देण्यासारखं याहून मोठं काही नाही.

मग आकडे बोलू लागतात. 1 मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला 1 लिटर. 50 चौरस मीटरच्या छतावर 20 मिलिमीटर पडला, म्हणजे हजार लिटर वाहून गेलं. 2.5 मिलिमीटर झाला की हवामान विभाग तो ‘पावसाचा दिवस’ धरतो, 64.5 पासून पुढे जोरदार. एक एकराच्या बांधीत तेवढा पडला तर दोन लाख साठ हजार लिटर पाणी उतरतं.

हे पाणी थांबत नाही. 2020 च्या ऑगस्टअखेर मध्य प्रदेशात अतिवृष्टी झाली, सिवनी जिल्ह्यातल्या भीमगड धरणातून पाणी सुटलं, आणि बालाघाटवरून पुढे गेलेल्या वैनगंगेने भंडाऱ्याच्या वस्त्यांत पाणी शिरवलं. वरच्या गावाचा आकडा खालच्या गावाच्या कामाचा असतो, हे नकाशावर नदी गिरवत मुलांना दाखवता येतं.

घरी पंचांग असतंच. त्यात पावसाची नक्षत्रं: मृग, आर्द्रा, पुनर्वसू. या वर्षी नक्षत्राचं वाहन बेडूक की कोल्हा, हे आजोबांना पाठ असतं. वहीत त्यासाठीही एक रकाना आखावा. आजोबांचा अंदाज आधी लिहायचा, मोजलेला पाऊस नंतर. पंचांगाचा निकाल लावायला एक पावसाळा अपुरा आहे. पडताळा कसा घ्यायचा, हे शिकायला मात्र तेवढा पुरतो.