द्राक्षांच्या तारांतला कारवानी

दिंडोरी तालुक्यातल्या त्या मळ्यावर फवारणीचा ट्रॅक्टर सुरू होण्याआधी कुत्र्याची तपासणी होते. मळेकरी उकिडवे बसतात, पंजा हातात घेऊन बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधतात, मग कानांमागे बघतात. गोचीडतापात आधी अन्नावरची वासना जाते. पण कारवानी जातीचं हे कुत्रं मुळातच खादाड नाही, त्यामुळे ते लवकर ध्यानात येत नाही.

"पाहुणे म्हणतात, उपाशी ठेवता का याला! अहो, मागच्या फासळ्या दिसल्याच पाहिजेत."

खरंय. लांब अरुंद तोंड, खोल छाती, आत ओढलेलं पोट. अंगावर चरबी नावालाच. वासापेक्षा नजरेवर शिकार करणारी ही जात. कर्नाटकात तिला मुधोळ म्हणतात. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ती जपली, २००५ साली ती टपाल तिकिटावर आली आणि २०१६ मध्ये लष्कराच्या मेरठच्या केंद्रात प्रशिक्षणालाही गेली.

हे उघड्या माळावरचं जनावर, आणि दिंडोरीत माळापेक्षा द्राक्षबागांच्या तारा जास्त. बांधापलीकडे काही हललं की हा सुटतो. मधली तार त्याला दिसतच नाही. कातडी इतकी पातळ की ओरखडा पडायच्या जागी ती उसवते. टाके घालताना भूल बेतानेच द्यावी लागते, चरबी कमी असल्यामुळे ती लवकर उतरत नाही. म्हणून त्याला पळवायचं ते पहाटे, धरणाचं पाणी उतरून मोकळ्या झालेल्या जमिनीवर. गळ्यात रुंद पट्टा हवा, कारण डोकं मानेपेक्षा बारीक असल्याने साधा पट्टा सहज निसटतो. पळून आल्यावर धाप पूर्ण बसेपर्यंत भाकरी-दूध नाही. भरल्या पोटी पळालं तर पोट फुगून पीळ पडतो. थंडीत अंगाखाली गोणपाट आणि वर जुनं स्वेटर.

खुडा सुरू झाला की मात्र तो बांधलेलाच. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. एखाद्याला काहीच होत नाही, एखादं मूठभर मण्यांनी जातं. पिढ्यान्‌पिढ्या बागेत राहणाऱ्यांनाही हे पटवणं अवघड.

मी होतो तेवढ्यात एक गृहस्थ पिल्लू बघायला आले. वस्तीजवळ बिबट्या येतो म्हणून राखणीला हवं होतं.

"मग नका नेऊ," मळेकरी म्हणाले. "हा पळणारा आहे, झुंजणारा नाही. रात्री मीच याला कडी लावून आत ठेवतो."

गृहस्थांनी तरीही किंमत विचारली. मळेकऱ्यांनी सांगितली नाही.