कोंडी, मोटार आणि सिटी बस: नांदेड-लातूरमधील काही गैरसमज

‘सिटी बस मुंबई-पुण्यात चालते, आपल्याकडे नाही,’ असे नांदेड आणि लातूर या दोन्ही शहरांत सर्रास ऐकायला मिळते. 2011 च्या जनगणनेत नांदेडची लोकसंख्या साडेपाच लाख होती आणि लातूरची पावणेचार लाखांवर. केंद्राच्या 2023 च्या पीएम ई-बस सेवा योजनेसाठी तीन लाख लोकसंख्येची अट आहे. दोन्ही शहरे तीत बसतात. राहिला प्रश्न प्रवाशांचा. सीटवर चालणारे ऑटो दोन्हीकडे भरून धावतात, म्हणजे भाडे देऊन अनोळखी माणसाला खेटून बसायला लोक तयार आहेत. सार्वजनिक वाहतूक इथे आहेच, तिला वेळापत्रक नाही एवढेच. शिवाय बस हा मराठवाड्याला नवा पाहुणा नव्हे. एसटीची पहिली गाडी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली ती 1 जून 1948 रोजी. मराठवाडा तेव्हा ज्यात होता त्या हैदराबाद संस्थानात निझामाच्या रेल्वे खात्याने 27 बस रस्त्यावर आणल्या होत्या त्या 1932 मध्येच.

रस्ता रुंद केला की कोंडी सुटते, हा सर्वांत जुना आणि सर्वांत महागडा समज. रुंद रस्ता काही काळ मोकळा वाटतो. मग गर्दीमुळे गाडी घरी ठेवणारेही ती बाहेर काढतात आणि वाढीव जागा भरून जाते. लातूरच्या गंजगोलाईत 16 रस्ते येऊन मिळतात. सभोवती बाजारपेठ आणि मध्यभागी जगदंबेचे मंदिर. तिथे रुंदीकरण करायचे तरी कोणत्या बाजूला? नांदेडची अडचण वेगळी. वजिराबाद गोदावरीच्या उत्तरेला. सिडको, हडको आणि विष्णुपुरी दक्षिणेला. पलीकडची सगळी वाहने मोजक्या पुलांवरच येऊन अडकतात.

बस रस्ता अडवते, ही तक्रारही अर्धवट आहे. चालत्या वाहतुकीत एक बस साधारण तीन मोटारींची जागा घेते. तेवढ्या तीन मोटारींत बहुतेक वेळा चार-पाच माणसे असतात. निम्मी भरलेली बससुद्धा वीस माणसे नेते. थांब्यावर बसमागे वाहने तुंबतात हे खरे, पण त्याचे कारण पुष्कळदा थांब्याच्याच जागी लावलेल्या मोटारी असतात.

तिकीट स्वस्त किंवा फुकट केले की मोटारवाला बसमध्ये येईल, असेही मानले जाते. एस्टोनियाची राजधानी टॅलिन लोकसंख्येने लातूर आणि नांदेड यांच्या मधली. तिथे 2013 पासून नोंदणीकृत रहिवाशांना शहर वाहतूक मोफत झाली. बसला गर्दी वाढली, पण नव्या प्रवाशांत आधी पायी जाणारे बरेच होते. मोटारी होत्या तशाच धावत राहिल्या. स्टॉकहोमचा अनुभव याला पूरक आहे. तिथे 2005 मध्ये आधी जादा बस सोडल्या, वाहतुकीवर म्हणावा तसा परिणाम झाला नाही. जानेवारी 2006 मध्ये शहराच्या मध्यभागी शिरणाऱ्या मोटारींवर शुल्क बसले, तेव्हा त्या हद्दीवरची वाहतूक सुमारे वीस टक्क्यांनी घटली. लातूर-नांदेडला असे शुल्क लावणे अवघडच. फुकट पार्किंग बंद करणे मात्र महापालिकेच्या हातात आहे. उभी मोटार साधारण बारा चौरस मीटर जागा अडवते. बाजारात तेवढ्या गाळ्याचे भाडे विचारले, की ‘फुकट’ या शब्दाचा अर्थ कळतो.

मोटारीचा प्रवास स्वस्त वाटतो, कारण हिशेबात फक्त पेट्रोल धरले जाते. हप्ता, विमा, टायर, दुरुस्ती आणि गाडीची घसरत जाणारी किंमत या गोष्टी रोज खिशातून जात नाहीत, म्हणून त्या डोळ्यांआड राहतात.

खरी मेख वेगळीच आहे. लहान शहराला थोड्या फेऱ्या पुरतात, असे प्रशासनही धरून चालते. प्रत्यक्षात उलट आहे. मुंबईत तासाभराच्या प्रवासाआधी दहा मिनिटे थांबणे कोणालाही चालते. लातूरला चार किलोमीटर अंतर दुचाकीने पंधरा मिनिटांत संपते. तिथे बस दर चाळीस मिनिटांनी येत असेल तर सरासरी वीस मिनिटे थांब्यावरच जातात, म्हणजे प्रवासापेक्षा वाट पाहणेच मोठे. ऑटो बसवर मात करतो तो इथे. कमी अंतराच्या शहराला फेऱ्या जास्त लागतात.

म्हणून एकूण किती बस आहेत, यापेक्षा त्या कशा वाटल्या हे महत्त्वाचे. एका मार्गावर जाऊन-येऊन तास लागत असेल, तर सहा बसमध्ये दर दहा मिनिटांनी गाडी मिळते. त्याच सहा बस सहा मार्गांवर वाटल्या, की प्रत्येक थांब्यावर तासाला एक. प्रत्येक नगरसेवकाला आपल्या प्रभागात बस हवी असते, त्यामुळे वाटप बहुधा दुसऱ्या रीतीने होते. सुरुवात एक-दोन गर्दीच्या मार्गांपासून करावी, बाकीचे शहर तूर्त ऑटोवर सोडावे. तासाला एक येणाऱ्या बससाठी कोणी मोटारीची किल्ली खाली ठेवत नाही.